गावाची वाघर

आमच्याकडं पारावर चार शेतकरी बसले की पूर्वी पावसाचा विषय निघायचा. आता डुकराचा निघतो. कुणाचा भुईमूग उकरला, कुणाचा हरभरा लोळवला, कुणी काय उपाय केला, हेच बोलणं. उपाय लागू पडला म्हणणारा माणूस क्वचित भेटतो.

माझी साठी उलटली. जिंतूर तालुक्यातल्या डोंगरपट्ट्यात, पूर्णेच्या अंगाला आमची अकरा एकर जमीन. १९७६ साली दहावी झालो आणि तेव्हापासून हातात कासरा आहे. रानडुक्कर धरायच्या, मारायच्या, हाकलायच्या जेवढ्या तऱ्हा या आयुष्यात पाहिल्या, आणि एक जी मी स्वतः केली, ती सगळी इथं लिहून ठेवतो. शहरातल्या वाचकाला वाटेल, डुकराचा काय इतिहास लिहायचा? पण आमच्या गावात माणसं एकमेकांपासून कशी सुटी होत गेली, ते मला या डुकराच्या मागं चालतानाच कळलं.

वाघर म्हटलं की आजच्या पोरांना धनगराची वाघर आठवते, रात्री मेंढरं कोंडायची जाळी. आमच्या गावाची वाघर दुसऱ्या कामाची होती. संस्कृतात वागुरा म्हणजे जनावर धरायचं जाळं, शब्द तिथला. ही वाघर कुणा एकाची नव्हती. जेवढ्या औतांची जमीन तेवढ्या अंबाडीच्या जुड्या ज्यानं त्यानं द्यायच्या. त्या अंबाडीचा वाख काढून सुंभ वळायचं आणि गायरानात राहणारा एक म्हातारा पारधी त्याची जाळी विणायचा. छातीइतकी उंच, तीस-पस्तीस हात लांब, असे चार तुकडे होते. एरवी ती चावडीच्या माळ्यावर पडलेली असायची. शिकारीच्या आधी दोन दिवस ती गोठ्यात टाकायची, म्हणजे माणसाचा वास जातो.

मी पहिल्यांदा ती लागलेली पाहिली तेव्हा दहा वर्षांचा होतो. १९७० सालचा हिवाळा. ज्वारी हुरड्यात आली होती. ओढ्याकाठी शिंदीचं बेट होतं, त्यात दिवसा कळप बसायचा आणि रात्री ज्वारीत शिरायचा. त्या साली नंदीबैलवाले गावाबाहेर उतरले होते. ते नुसता बैल घेऊन दारोदार फिरणारे लोक, असं आपल्याला वाटतं. पण तिरमल नंदीवाल्यांची कुत्री डुकराच्या शिकारीत पटाईत. पुढं कितीतरी वर्षांनी माझ्या वाचण्यात आलं की माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींच्या शिकारीचा अभ्यास केला होता. नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीनं डुक्कर धरणार, फासेपारधी फासे लावून हरीण आणि तितर धरणार, वैदू सापळ्यानं लहानसहान जनावरं धरणार, असे त्यांचे धंदे वाटलेले होते. म्हणजे जे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं, त्याला काही रीत होती.

पारध्यानं आधी माती हातात घेऊन वाऱ्यावर सोडली. डुकराला दिसतं कमी, पण वास फार लांबून लागतो. वारा बेटाकडून जाळ्याकडं येईल अशी जागा त्यानं धरली, जिथं ओढा अरुंद होतो. बेचक्यांच्या काठ्यांवर वाघर नुसती टेकवून ठेवली. बांधायची नाही. जनावर धडकलं की सगळी जाळी त्याच्या अंगावर पडली पाहिजे. मग आम्ही बाकीचे वरच्या अंगाला गेलो. हलगी, पत्र्याचे डबे, ताटल्या, जे हाताला लागलं ते घेऊन. माझे वडील माळकरी, घरात अंडंसुद्धा आलेलं त्यांना चालायचं नाही. पण घासलेटाचा रिकामा डबा वाजवत हाकाऱ्यात ते सगळ्यांच्या पुढं होते.

कळप फुटला. एक मोठा नर कुत्र्यांवर उलटला आणि एका कुत्र्याचं पोट त्यानं सुळ्यानं उसवलं. नंदीवाल्यानं तिथंच बसून ते दोऱ्यानं शिवलं आणि हळद भरली. माझ्या चुलत्याच्या मांडीला सुळा लागला, त्याची खूण मरेपर्यंत त्यांच्या अंगावर होती. जाळ्यात तीन डुकरं सापडली. शिवाय पाठीवर पट्टे असलेली दोन पिलं होती. पारध्यानं जाळीचा काठ उचलून पिलं सोडून दिली. मी विचारलं, "बाबा, ही मोठी होऊन परत खाणार ना आपली ज्वारी?" म्हातारा म्हणाला, "खाऊ दे की. बी नगं का ठिवाया?"

वाटे पडले. पहिला वाटा कुत्रेवाल्याचा, दुसरा जाळं विणणाराचा, मग हाकाऱ्यांचा. आम्ही घेतला नाही. सुगी झाल्यावर मात्र वडिलांनी पारध्याला आणि नंदीवाल्याला पायलीनं ज्वारी घातली. मांस न खाणाऱ्याचंही राखणीचं देणं चुकत नव्हतं.

याच्या मागं किती जुनी रीत असेल? आमचे एक पाहुणे मराठीचे प्राध्यापक आहेत, त्यांनी मला 'मानसोल्लास' या ग्रंथाची माहिती दिली. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर तो आहे, ११२९ सालच्या सुमाराचा. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. त्या ग्रंथात शिकारीचं वेगळं प्रकरण आहे आणि डुकराचं मांस कसं साफ करून रांधावं, तेही दिलं आहे. राजाला तो करमणुकीचा विषय. इंग्रज साहेबालाही तसाच. घोड्यावर बसून भाल्यानं डुक्कर मारायचा खेळ त्यांना इतका आवडायचा की पुढं स्काउट चळवळ काढणाऱ्या बेडन-पॉवेलनं १८८९ साली त्यावर पुस्तकच लिहिलं. रयतेला यातली काही हौस नव्हती. तिला ज्वारी वाचवायची होती.

आमचा भाग निजामाच्या राज्यात. ठासणीची बंदूक देशमुखाच्या नाहीतर पाटलाच्या घरी. बाकीच्यांकडं गोफण, भाला आणि ही वाघर. त्यात जे लोक जनावराची चाल ओळखायचे, त्यांच्याच कपाळी सरकारनं शिक्का मारला. इंग्रजांनी १८७१ साली जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. तो १९५२ साली उठला. पारधी कागदावर मोकळे झाले, पण गावात कुठं चोरी झाली की पोलिसांची गाडी पहिल्यांदा गायरानात जायची, हे मी कळत्या वयात पाहिलं आहे. वाघर विणणाऱ्या म्हाताऱ्याला दोनदा नेलं. दुसऱ्यांदा तो परत आला आणि महिन्याभरात त्याचं बिऱ्हाड उठलं. कुणी त्याला जा म्हटलं नाही, पण राहा असंही कुणी म्हटलं नाही. माझ्या वडिलांनीही नाही.

मग १९७२ साल आलं. दुष्काळ सांगायला नको, ज्यांनी पाहिला त्यांना आजही लाल मिलोची भाकर आणि सुकडी आठवते. विहिरी खोल करायला, दगड ओढायला चऱ्हाटं पुरेनात, तेव्हा चावडीच्या माळ्यावरची वाघर खाली काढली आणि तिचं सुंभ उकलून चऱ्हाटं वळली. तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. पाऊस पडला की परत विणू, असं म्हणाले. परत कुणी विणली नाही. त्याच साली १८ मे रोजी परभणीला कृषी विद्यापीठ सुरू झालं. आणि त्याच साली दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा झाला. खडी फोडणाऱ्या माणसाला त्याचा पत्ता असायचं कारण नव्हतं. पण या कायद्यात शिकार या शब्दाचा अर्थ फार रुंद आहे. नुसतं मारणंच नव्हे, तर पकडणं, फास लावणं, सापळा रचणं, विष घालणं, हाकणं, आमिष दाखवणं, हे सगळं शिकारच. म्हणजे माझ्या वडिलांनी डबा वाजवला, तोसुद्धा आता गुन्हा ठरला असता.

एक नक्की सांगतो, नुसत्या कायद्यानं डुक्कर वाढलेलं नाही. त्याला आम्हीही मांडव घालून दिला. आमच्या लहानपणी खरिपात मूग, उडीद, पिवळी ज्वारी आणि कापूस, रब्बीत टाळकी ज्वारी. मार्च-एप्रिलात रान उघडं पडायचं, लपायला जागा राहायची नाही. पुढं विहिरी वाढल्या, बोअर आले, कालव्याच्या पट्ट्यात ऊस आला. ऊस म्हणजे डुकराला बारमाही घर. आत सावली, ओल, खायला गोड, आणि वर्षभर माणूस आत शिरत नाही. नव्वदीनंतर सोयाबीन आलं आणि ज्वारी मागं पडली. ज्वारीबरोबर करडई गेली, आणि हे नुकसान कुणी मोजलं नाही. पूर्वी बांधाकडेनं करडईच्या चार ओळी असायच्या. फुलावर आलेली करडई इतकी काटेरी की कापायला माणूस हातापायाला फडकी गुंडाळून जायचा. डुक्कर त्यात तोंड घालताना विचार करायचं. आज भुईमुगाभोवती करडई पेरा, असा सल्ला शास्त्रज्ञ देतात, तेव्हा मला माझ्या आजीची आठवण होते. तिनं फक्त तेलासाठी पेरली होती, राखण फुकट होत होती.

गायरानात आणि ओढ्याकाठी वेडी बाभूळ माजली. तिच्या शेंगा डुकराला खायला आणि जाळ्या लपायला. पिलं उचलणारे लांडगे दिसेनासे झाले. मादी चार महिन्यांच्या आत विते, एका वेताला चार-सहा पिलं. हा हिशेब कुणीही करावा.

वाघर गेल्यावर जे उपाय आले ते सगळे एकट्या माणसाचे. कुणी बांधावर जुन्या साड्या बांधल्या. कुणी न्हाव्याकडून केसांची पोती आणून पसरली. कुणी रात्रभर फटाके वाजवले. डुक्कर चार दिवस बिचकतं आणि पाचव्या दिवशी येतं. मग चोरून क्लचवायरचा फास आला. त्यात डुकरापेक्षा कुत्री जास्त अडकली. पिठाच्या गोळ्यातला गावठी बॉम्ब आला. तो गाईनं तोंडात घेतला की जबडा उडतो. आणि शेवटी आली लाईट.

आता माझी गोष्ट सांगतो. २०११ सालचा उन्हाळी भुईमूग, दोन एकर. विहिरीला पाणी होतं, पीक असं होतं की रस्त्यानं जाणारा थांबून बघायचा. शेंगा धरल्या आणि चार रात्रींत जवळजवळ पाव रान उकरलं. वनखात्यात अर्ज करावा तर पंचनाम्याला माणूस येईपर्यंत उरलेलंही जाणार, असं मला वाटलं. मी बांधानं तार फिरवली आणि तिच्यात विहिरीवरची लाईट सोडली. कसं केलं ते लिहीत नाही, ती शिकायची गोष्ट नाही. कुणाला सांगितलं नाही. शेजाऱ्याला नाही, पोराला नाही, घरच्या बाईला नाही. सांगितलं असतं तर कुणी ना कुणी अडवलं असतं, हे मला ठाऊक होतं, म्हणूनच सांगितलं नाही.

त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती, बारापासून सकाळी आठपर्यंत. मी माळ्यावर जागा राहिलो आणि पहाटे डोळा लागला. उजाडताना माझी घरची चहाचा गडवा घेऊन आली. तिच्या दुसऱ्या हातात तारेचं वेटोळं होतं. चऱ्हाट गुंडाळतात तसं कोपरावर घेऊन तिनं अर्ध्या बांधाची तार गोळा केली होती. म्हणाली, "ओ, ही तार कशाला टाकून दिली तिकडं? लेकराच्या पायात आली असती की."

मी माळ्यावरून उतरलो की पडलो, ते आठवत नाही. तिच्या हातातलं वेटोळं घेतलं आणि लांब फेकलं. ती माझ्याकडं बघत राहिली. तेवढ्यात शेजारच्या विहिरीवरची मोटार आपोआप सुरू झाली, तिला ऑटो बसवलेला होता. पाईपातून पाण्याची चुळ आली. लाईट आली होती. पहाटे कधीतरी ती गेली होती आणि आता आली होती. ज्या लोडशेडिंगला आम्ही रोज शिव्या द्यायचो, तेवढ्या वेळात माझी बायको बांध चालून आली होती.

मी धावत जाऊन खटका पाडला. मग बांधावर बसून राहिलो. तिला वाटलं, रात्रीच्या जागरणानं मला घेरी आली.

तिला खरं काय ते मी तीन वर्षांनी सांगितलं. त्या साली आमच्या भागातल्या एका गावात एक तरणा पोरगा अशाच तारेला चिकटून गेला आणि तार लावणारा शेतकरी, त्याच्याच भावकीतला, तुरुंगात गेला. दोन्ही घरांत रडारड. ती बातमी ऐकून आल्या दिवशी मी तिला सांगितलं. ती सुपात डाळ निवडत होती. बराच वेळ बोलली नाही. मग विचारलं, "त्या साली भुईमूग किती झाला होता आपल्याला?"

"सहा पोती."

"बरं," म्हणाली आणि डाळ निवडू लागली.

२०१५ साली राज्य सरकारनं पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराला आणि रोहीला मारायची परवानगी वनक्षेत्रपालाकडून मिळायची सोय केली. चांगलं झालं. पण परवाना हातात आला तरी मारायचं कशानं? बंदूक कुणाकडं आहे? आणि अंधारात, उसात, चालत्या कळपावर नेम धरणारा माणूस कुठून आणायचा? ज्यांना ती विद्या होती त्यांना आम्ही गावाबाहेर काढून मोकळे झालो होतो. २०२२ साली कायद्याच्या अनुसूची बदलल्या, डुक्कर तिसरीतून दुसरीत गेलं. त्याच साली केरळ सरकारनं मात्र असा निर्णय घेतला की पिकात घुसलेल्या डुकराला मारायची परवानगी पंचायतीचा अध्यक्षच देईल. ते वाचून बरं वाटलं. निदान कुणीतरी हा विषय गावाच्या हाती दिला.

माझा नातू मोबाईलवर अमेरिकेतले सापळे दाखवतो. तिकडं मूळचं डुक्कर नाहीच. स्पेनच्या लोकांनी सोळाव्या शतकात नेलं, ते सुटलं आणि रानटी झालं. तिकडचे शेतकरी लोखंडी जाळीचं गोल कुंपण करतात, आत मका टाकतात, आठ-दहा दिवस कळपाला खाऊ देतात आणि सगळा कळप आत आला की घरी बसून फोनवरनं दार पाडतात. एकदोन धरून भागत नाही, बाकीचे शहाणे होतात. मी नातवाला म्हटलं, अरे, यांचं डोकं आणि आमच्या पारध्याचं डोकं एकच आहे. फक्त त्याच्याकडं फोन नव्हता, माणसं होती.

आता आमच्याकडं झटका मशीन आलं आहे. सोलरवर चालणारी बॅटरी, ती तारेत सेकंदाला एक बारीक ठोका सोडते. झटका जोराचा बसतो, पण जीव जात नाही. विद्यापीठाच्या १७ सप्टेंबरच्या रब्बी मेळाव्याला मी गेलो होतो, तिथं नीट विचारून आलो. खालची तार जमिनीपासून वीतभरच ठेवायची, कारण डुक्कर उडी मारत नाही, नाक घालून खालून शिरतं. तारेला गवत टेकलं की झटका मरतो, म्हणून दर आठवड्याला कडेचं गवत काढायचं.

पण यातही एक खोड आहे. मी एकट्यानं मशीन लावलं तर कळप माझा बांध सोडून शेजाऱ्याच्या रानात जातो. मग शेजारी लावतो. ज्याच्याकडं पैसे नाहीत त्याच्या रानात शेवटी सगळे कळप जमा होतात. आमच्या शिवारात असा एक माणूस आहे, अडीच एकरवाला. दोन वर्षं त्यानं हरभरा पेरला आणि काढला नाही.

गेल्या वर्षी मी मारुतीच्या पारावर विषय काढला. सात घरांची सलग चाळीस एकर आहे, एकच कुंपण करू, खर्च एकराप्रमाणं वाटू. दोघांनी हात वर केले, की आमचं आम्ही बघून घेऊ. जुना बांधाचा वाद आहे, तो निघालाच. चार बैठका झाल्या. शेवटी पाच घरं तयार झाली आणि अडीच एकरवाल्याचा पैसा आम्ही सुगीवर ठेवला. मी त्यांना वाघरीची गोष्ट सांगितली, औताला एक जुडी अंबाडी. पोरांनी ऐकून घेतली. पंचवीस-तीस वर्षांच्या पोरांनी अंबाडीची भाजी खाल्ली आहे, वाख पाहिलेला नाही.

कुंपणाला एक हंगाम झाला. दोन घरं अजून बाहेर आहेत, त्यामुळं ओढ्याच्या बाजूनं वाट उघडीच आहे. तिथं आम्ही करडईच्या सहा ओळी पेरल्या आहेत आणि पाळीपाळीनं जागल करतो. जागलीचा कागद पारावर चिकटवला आहे. आज रात्री माझी पाळी आहे.